वाऱ्याचे आकडे, पाण्याचे आकडे

रत्नागिरीच्या वेधशाळेत सकाळी साडेआठला निरीक्षक पर्जन्यमापकातलं पाणी मोजपात्रात ओततो, कोरड्या आणि ओल्या तापमापकांवरचे आकडे वाचतो, हवेचा दाब आणि वाऱ्याची दिशा पाहतो. आभाळ किती भरलंय, ढग कोणत्या जातीचे आहेत, हेही लिहून घेतो. त्याच क्षणी कराचीत आठ, काठमांडूत पावणेनऊ आणि ढाक्यात नऊ वाजलेले असतात, आणि तिथल्या वेधशाळांतही हेच काम चाललेलं असतं. कारण हवामानाच्या नोंदी ग्रिनिचच्या घड्याळावर होतात आणि ग्रिनिचला तेव्हा पहाटेचे तीन वाजलेले असतात. मग ही सगळी माहिती पाच-पाच अंकांच्या गटांत बसवून जगाच्या जाळ्यात सोडली जाते. प्रत्येक केंद्राचा क्रमांक ठरलेला आहे. रत्नागिरीचा ४३११०, कोलंबोचा ४३४६६, कराचीचा ४१७८० आणि ढाक्याचा ४१९२३. म्हणजे कोकण आणि श्रीलंका एका गटात, पाकिस्तान आणि बांगलादेश आजही दुसऱ्या एकाच गटात.

या पुस्तकाचा विषय या नोंदींपासून सुरू होतो. बदलत्या हवामानाशी जुळवून घ्यायचं, तर गावानं, तालुक्यानं, राज्यानं आधी काय जाणून घ्यायला हवं? ते ज्ञान शेजाऱ्याच्या वहीत असेल, तर ते मिळवायचं कसं? दक्षिण आशियापुरतं याचं माझं उत्तर मी सुरुवातीलाच देऊन टाकतो. वाऱ्याचे आकडे आपण शेजाऱ्यांशी वाटून घ्यायला शिकलो आहोत आणि त्यामुळे लाखो जीव वाचले आहेत. पाण्याचे आकडे मात्र आपण अजून कुलपात ठेवतो. आणि जुळवून घेण्याचं बहुतेक सगळं नियोजन, म्हणजे पूल किती उंच बांधायचा, गाव कुठे हलवायचं, धरण कोणत्या महिन्यात किती भरायचं, हे पाण्याच्या आकड्यांवरच ठरतं.

वाऱ्याची गोष्ट आधी, कारण ती जुनी आहे. १८७५ मध्ये भारतीय हवामान विभाग स्थापन झाला आणि लगेच १८७६ ते ७८ चा दुष्काळ पडला. पाऊस येणार की नाही हे आधी सांगता येईल का, हा प्रश्न तेव्हापासून या खात्याच्या मानगुटीवर बसला. पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातल्या बर्फाकडे पाहिलं. १९०४ मध्ये आलेल्या गिल्बर्ट वॉकर यांनी नजर आणखी लांब टाकली. ते मुळात गणिती. १८९९ चा दुष्काळ का पडला याचं उत्तर हिंदुस्थानच्या हद्दीत सापडणार नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. दक्षिण अमेरिका, मॉरिशस, झांजिबार, ऑस्ट्रेलिया असे जगभरचे दाबाचे, पावसाचे, तापमानाचे आकडे त्यांनी मागवले. संगणक नव्हताच. खात्यातले हिंदी कारकून हातानं गुणाकार-भागाकार करून दोन ठिकाणच्या आकड्यांचा परस्परसंबंध काढत. त्या ढिगातून पॅसिफिक आणि हिंदी महासागरांवरच्या दाबाचा झोका हाती लागला. एकीकडे दाब चढला की दुसरीकडे उतरतो. आज प्रत्येक मराठी शेतकरी ज्या एल निनोचं नाव ऐकून धसकतो, त्याचं हे दुसरं अंग. वॉकर यांना त्यातून पावसाचा नेमका अंदाज काही साधला नाही. समुद्राच्या तापमानाशी या झोक्याची सांगड १९६९ मध्ये बियर्कनेस यांनी घातली. पण आपल्या पावसाचं कोडं परक्या मुलखातल्या नोंदीशिवाय सुटत नाही, हे वॉकर यांच्या कागदांवर कायमचं सिद्ध झालं. त्या काळी आकडे मागवायला साम्राज्याचा हुकूम पुरत असे. साम्राज्य गेल्यावर तेच काम विश्वासानं करावं लागणार होतं.

तो विश्वास फार मोठी किंमत देऊन आला. १२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानच्या किनाऱ्यावर भोला चक्रीवादळ आदळलं. मृतांचा आकडा तीन ते पाच लाखांच्या दरम्यान सांगितला जातो. एका रात्रीत एवढी माणसं गेल्याचं दुसरं उदाहरण चक्रीवादळांच्या इतिहासात नाही. त्यानंतर १९७२ मध्ये जागतिक हवामान संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचा आशियाई आयोग यांनी मिळून बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्र यांच्याभोवतीच्या देशांचं एक मंडळ उभं केलं. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, ब्रह्मदेश, श्रीलंका आणि थायलंड हे सुरुवातीचे सभासद. भारत आणि पाकिस्तान यांच्यात आदल्याच वर्षी युद्ध झालं होतं, हे लक्षात घ्या. आज या मंडळात १३ देश आहेत. दिल्लीचं केंद्र सर्वांसाठी वादळांचा माग काढतं आणि त्याचे इशारे कराचीपासून यांगूनपर्यंत एकाच वेळी पोचतात.

या मंडळाचं काम कोकणानं अंगावर अनुभवलं आहे. ३ जून २०२० ला श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात जे वादळ धडकलं, त्याला निसर्ग हे नाव बांगलादेशानं दिलेलं होतं. १३ देशांनी प्रत्येकी १३ नावं देऊन त्याच वर्षी एप्रिलमध्ये १६९ नावांची नवी यादी केली होती, तिच्यातलं हे पहिलंच नाव. पुढच्या मे महिन्यात आपल्या किनाऱ्याला घासून गेलेल्या तौक्तेचं नाव म्यानमारचं. निसर्गानं नारळ-सुपारीच्या बागा झोपवल्या, घरांची छपरं उडवली, विजेचे खांब वाकवले, आणि बागा उभ्या राहायला किती वर्षं लागतात ते बागायतदारांनाच विचारावं. माणसं मात्र मोजकीच दगावली, कारण किनाऱ्यालगतची वस्ती आधीच हलवलेली होती. ओडिशाचं उदाहरण याहून ठळक आहे. १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे १० हजार माणसं मेली. २०१३ मध्ये त्याच किनाऱ्यावर फायलिन आलं, तेव्हा मृतांची संख्या पन्नासच्या आत-बाहेर राहिली. निवारे बांधले गेले, प्रशासन जागं झालं, गावोगाव स्वयंसेवक तयार झाले, हे सगळं खरंच. पण निवाऱ्यात माणसं कधी न्यायची, हे कळायला समुद्रावरच्या प्रत्येक देशाची नोंद लागते.

पुण्याचं नातं या गोष्टीच्या पुढच्या टप्प्याशी आहे. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात आलं. शिवाजीनगरची ती दगडी इमारत अजून सिमला ऑफिस म्हणूनच ओळखली जाते. मुख्यालय पुढे दिल्लीला गेलं, पण देशभरच्या जुन्या नोंदींचं भांडार पुण्यातच राहिलं. याच शहरात एप्रिल २०१० मध्ये दक्षिण आशियातल्या देशांचे हवामानशास्त्रज्ञ मोसमी पावसाचा एकत्रित अंदाज करायला प्रथमच एका टेबलाभोवती बसले. तेव्हापासून हा शिरस्ता पडला. प्रत्येक देश आपापल्या प्रारूपाचं उत्तर मांडतो, त्यावर वाद होतात आणि शेवटी सर्वांना मान्य असा एक नकाशा निघतो. कुठे सरासरीपेक्षा जास्त पाऊस होण्याची शक्यता अधिक, कुठे कमी होण्याची. या नकाशावर सीमारेषा असतात, पण पावसाचे रंग त्या ओलांडून जातात. माझ्या मते दक्षिण आशियात इतकं शांतपणे चालणारं दुसरं सामायिक काम नाही. सार्क परिषदेची शेवटची शिखर बैठक २०१४ मध्ये काठमांडूत झाली, त्यानंतर नेते एकत्र बसलेच नाहीत. पावसाचे जाणकार बसत राहिले.

आता पाण्याकडे येऊ.

भारतीय हवामान खात्यानं १९०१ पासूनच्या रोजच्या पावसाचा चौकटवार संच तयार केला आहे. ६,९५५ पर्जन्यमापकांच्या नोंदी चाळून तो बांधला. साधारण २५ किलोमीटरची एक चौकट. पुण्याच्या संकेतस्थळावरून तो कुणालाही फुकट उतरवून घेता येतो, आणि याबद्दल खात्याचं मनापासून कौतुक करायला हवं. पण नकाशा उघडला की देशाची सीमा संपते तिथे आकडे संपतात. कोसी, गंडक, घाघरा या नद्यांचा वरचा पाणलोट नेपाळात आणि तिबेटात. ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्याचा मोठा भाग तिबेटात. बिहारमध्ये किंवा आसामात बसून पुराचं गणित मांडणाऱ्याच्या हातात अर्धाच कागद येतो. आणि नदीच्या प्रवाहाचं तर विचारूच नका. कृष्णा-गोदावरीसारख्या द्वीपकल्पातल्या नद्यांचे विसर्ग आपल्याकडे खुले मिळतात. गंगा, ब्रह्मपुत्रा आणि सिंधू खोऱ्यांतले मात्र गोपनीय आहेत. देशातल्या संशोधकालाही ते अर्ज, हमीपत्र आणि परवानगीशिवाय मिळत नाहीत.

यामागचं कारण समजण्यासारखं आहे. वाऱ्यावर कुणी दावा सांगत नाही. पाण्याच्या वाटपावर लवाद बसतात, करार होतात, निवडणुका लढवल्या जातात. अशा वेळी नदीची प्रत्येक नोंद खटल्यातला पुरावा ठरते, आणि आपला पुरावा समोरच्या पक्षकाराच्या हाती आपणहून कोण देईल? अभियंते स्वभावानं लपवाछपवी करणारे नसतात. त्यांच्यावर बसलेली फाईल तशी असते. त्यामुळे पाण्याची देवाणघेवाण राजकारणाच्या मर्जीवर राहते. ब्रह्मपुत्रेच्या पावसाळी पातळ्या चीननं भारताला कळवाव्यात, असा समझोता २००२ पासून होता. २०१७ च्या डोकलामच्या तणावात त्या पावसाळ्यात आकडे आलेच नाहीत. केंद्रांची दुरुस्ती चालू आहे, असं कारण चीननं दिलं. २०१८ मध्ये ते पुन्हा सुरू झाले. १९६० च्या सिंधू करारात तर रोजच्या पातळ्या आणि विसर्ग दर महिन्याला एकमेकांना द्यायचं कलमच आहे. एप्रिल २०२५ मध्ये भारतानं तो करार स्थगित केला. मात्र त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तावी नदीला पूर येणार असं दिसल्यावर इशारा उच्चायुक्तालयामार्फत इस्लामाबादला कळवला गेला. करार थांबलेला असतानाही पुराची सूचना देता येते, हे यातून दिसलं. मला यात मोठी आशा वाटते.

हिमालयात तर आता दिवसांची नव्हे, तासांची गरज आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीममधलं दक्षिण ल्होनाक हे हिमसरोवर फुटलं आणि तीस्तेवरचं चुंगथांगचं धरण वाहून गेलं. तीस्ता खाली बांगलादेशात जाते. जुलै २०२५ मध्ये तिबेटच्या बाजूनं आलेल्या लोंढ्यानं रसुवागढीचा नेपाळ-चीन मैत्री पूल नेला. काठमांडूच्या इसिमोड या आठ देशांच्या संस्थेनं २०१९ मध्ये जो मोठा अहवाल काढला, त्यात तापमानवाढ दीड अंशावर रोखली तरी शतकाअखेर हिंदुकुश-हिमालयातला एक तृतीयांश बर्फ जाईल, असं म्हटलं आहे. या बर्फाचं मोजमाप करणाऱ्यांत गोव्याचाही वाटा आहे. वास्को इथल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रानं २०१६ मध्ये हिमाचलात चंद्रा नदीच्या खोऱ्यात चार हजार मीटरहून अधिक उंचीवर हिमांश हे ठाणं उभारलं. चंद्रा पुढे भागेला मिळते, मग तिची चिनाब होते आणि ती पाकिस्तानात जाते. समुद्रकाठच्या संस्थेनं मोजलेलं बर्फ पंजाबच्या दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्याच्या पाण्याचा हिशेब आहे.

हे सगळं देशादेशांमधलं आहे, आपल्या अंगणात असं काही नाही, असं वाटत असेल तर कृष्णाकाठी यावं. कोल्हापुरात पावसाळ्यात लहान मूलसुद्धा राजाराम बंधाऱ्याची पातळी सांगतं. ३९ फुटांवर इशारा, ४३ वर धोका. सांगलीत आयर्विन पुलाशी ४० आणि ४५. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विनची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. वर कोयना, वारणा, राधानगरी. खाली कर्नाटकात हिप्परगी आणि अलमट्टी. पाऊस कुठे पडतोय, कोयनेतून किती सोडलं, नृसिंहवाडीच्या संगमाशी पाणी का तुंबलं, अलमट्टीचे किती दरवाजे उघडे आहेत, ही एकाच नदीची माहिती. पण ती दोन राज्यांच्या दोन खात्यांत विखुरलेली होती. पूर ओसरल्यावर नेमलेल्या वडनेरे समितीनं महापुराचं खापर अलमट्टीवर फोडलं नाही. तरीही तो वाद आजतागायत मिटलेला नाही, आणि मिटणारही नाही, कारण दोन्ही बाजू आपापले आकडे, आपापली प्रारूपं घेऊन उभ्या आहेत. जून २०२१ मध्ये दोन्ही राज्यांच्या सरकारांनी बंगळुरात बसून विसर्गाची माहिती वेळच्या वेळी एकमेकांना द्यायचं ठरवलं. महिन्याभरातच त्याची परीक्षा झाली. २२ जुलैला महाबळेश्वरात २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. पूर आलाच, पण दोन्हीकडच्या अभियंत्यांमध्ये संपर्काची रीत तोवर पडलेली होती. पुराच्या रात्री एका फोनवर विसर्ग कळणं ही चैन नाही. कुरुंदवाडच्या माणसाला गोठ्यातली जनावरं सोडायला त्यानं सहा तास मिळतात.

मात्र पुराच्या रात्रीचा इशारा ही एक गोष्ट आणि पुढच्या तीस वर्षांचं नियोजन ही दुसरी. या दोन्हींची गल्लत सरकारी कागदांत फार होते. इशाऱ्याला आत्ताचा आकडा लागतो. नियोजनाला जुने, सलग, कंटाळवाणे आकडे लागतात. एकाच ठिकाणचे, एकाच पद्धतीनं घेतलेले, मध्ये खाडे नसलेले. पूल बांधताना शंभर वर्षांत एकदा येणारा पूर धरायचा असतो, आणि तो काढायला निदान तीस-चाळीस वर्षांची मालिका हवी. ती नसेल तर अभियंता अंदाजानं उंची ठरवतो आणि वर सुरक्षिततेसाठी थोडी भर घालतो. पूर्वी ते चालून जाई. आता पाऊसच बदलत असताना ती भर पुरेल की नाही, हे कुणालाच छातीठोकपणे सांगता येत नाही.

इथे साधनांचा प्रश्न येतो. पुण्याची उष्णप्रदेशीय हवामानशास्त्र संस्था दक्षिण आशियासाठी पुढच्या हवामानाची प्रादेशिक प्रक्षेपणं तयार करते आणि ती सर्वांना खुली आहेत. नेपाळचा विद्यार्थी ती वापरतो, श्रीलंकेचा पाटबंधारे अभियंता वापरतो. पण यातल्या बहुतेक प्रक्षेपणांची चौकट ५० किलोमीटरची. आपलं कोकण साधारण तेवढंच रुंद! समुद्र, सडा, घाटमाथा आणि पलीकडचा उतार हे सगळं एका चौकटीत जातं. महाबळेश्वरला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस आणि त्याच जिल्ह्यातल्या माणदेशात पाचशेच्या आसपास. प्रारूपाला हा फरक दिसत नाही. तो दिसायचा तर स्थानिक पर्जन्यमापकांच्या जुन्या नोंदींवर प्रारूप घासून बघावं लागतं. महाराष्ट्रात आता दोन हजारांवर महसूल मंडळांत स्वयंचलित केंद्रं आहेत आणि मंडळनिहाय पाऊस कृषी विभागाच्या संकेतस्थळावर दिसतो. विदर्भ-मराठवाड्यातल्या हवामान-अनुकूल शेतीच्या प्रकल्पात गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडण्यासाठी मुंबईच्या आयआयटीनं साधन बनवलं. ग्रामसभेत बसून यंदा किती पाणी आलं, किती मुरलं, रब्बीला किती उरलं हे त्यातून कळतं. अशी साधनं शेजारच्या तेलंगणात, कर्नाटकात, सीमेपलीकडे सिंधमध्येही उपयोगी पडतील, कारण कोरडवाहू शेती तिथेही तीच आहे. साधन देताना कुणाचं पाणी जात नाही. देवाणघेवाणीला सुरुवात करायला यापेक्षा सोपी जागा नाही.

युरोपातही हे आपोआप झालेलं नाही. २००२ मध्ये एल्बे आणि डॅन्यूब यांना महापूर आले आणि शेजारी देशांचे अंदाज एकमेकांशी जुळत नाहीत हे उघडं पडलं. त्यातून सगळ्या खंडाची सामायिक पूर-सूचना यंत्रणा उभी करायला दहा वर्षं लागली. २०१२ पासून ती पूर्णपणे चालू आहे. आपल्याकडे संस्थांची वानवा नाही. २००४ च्या त्सुनामीनंतर हैदराबादचं केंद्र हिंदी महासागरातल्या देशांना इशारे देऊ लागलं. २००९ मध्ये बँकॉकजवळ एक प्रादेशिक इशारा संस्था उभी राहिली. २०२० पासून भारत, नेपाळ, भूतान, बांगलादेश आणि श्रीलंका यांच्यासाठी अचानक येणाऱ्या पुरांची सामायिक मार्गदर्शन प्रणाली दिल्लीतून चालते. ढाक्याचं सार्क हवामान संशोधन केंद्र मात्र बंद झालं. संस्था टिकली की नाही, यापेक्षा ती टिकताना तिच्याकडे नियमानं येणारा आकडा होता का, हे मला अधिक महत्त्वाचं वाटतं. वादळांचं मंडळ टिकलं, कारण त्याला रोज काम आहे.

पुढच्या प्रकरणांत वाचकाला तंत्राच्या गोष्टी भेटतील. त्यांना बिचकू नये. तहसील कार्यालयात काम करणाऱ्यांनी, पाटबंधारे खात्यातल्या तरुण अभियंत्यांनी, पत्रकारांनी आणि नदीकाठच्या ग्रामपंचायतीच्या सदस्यांनी हे वाचावं, अशी माझी फार इच्छा आहे. आपल्या जिल्ह्याचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा एकदा मागून घ्या. वरच्या आणि खालच्या शेजाऱ्याकडून कोणता आकडा, किती वाजता, कुणाच्या फोनवर येतो, ते त्यात लिहिलं आहे का बघा. नसेल तर लिहायला लावा.

आणि एक मागणी केंद्र सरकारकडे. गंगा, ब्रह्मपुत्रा आणि सिंधू खोऱ्यांतल्या ज्या नोंदी तीस वर्षांहून जुन्या आहेत, त्या सर्वांना खुल्या कराव्यात. तीस वर्षांपूर्वीच्या पाण्यावरून आज कुणी युद्ध करणार नाही. पण पाटण्यातल्या, गुवाहाटीतल्या, ढाक्यातल्या आणि लाहोरमधल्या अभियंत्याला उद्याचा पूल बांधायला नेमका तोच आकडा हवा आहे.